मागचे धडे

मूठभर मीठ घेऊन सत्यभामा खिचडीच्या पातेल्यावर वाकली होती, तेवढ्यात खिडकीतून शाईस्ता मॅडमचं ते वाक्य आलं, आणि मीठ पातेल्यात पडलं की परत डब्यात गेलं हे नंतर तिला काही केल्या आठवेना. स्वयंपाकाची खोली म्हणजे शाळेच्या मागच्या भिंतीला टेकवलेलं पत्र्याचं शेड. त्या भिंतीत सातवीच्या वर्गाची खिडकी होती, तिला गज होते पण झडपा नव्हत्या, त्यामुळे वर्गातलं सगळं इकडे ऐकू यायचं आणि इकडची फोडणी तिकडे जायची. पोरं फोडणीनं शिंकायची. सत्यभामा मात्र धड्यांकडे कधी लक्ष द्यायची नाही. बीडमध्ये आल्यापासून ती याच शेडमध्ये पोरांची खिचडी रांधत होती, आणि वर्गातल्या आवाजाची तिला गॅसच्या आवाजाइतकी सवय झाली होती. आज ती सवय मध्येच तुटली. "जुलाब होणाऱ्या बाळाचं पाणी बंद करायचं नसतं," मॅडम म्हणत होत्या, "उलट जास्त पाजायचं. ग्लासभर उकळून गार केलेलं पाणी, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. घोटघोट पाजत राहायचं. मूल वाचतं." मग खडू फळ्यावर वाजला. मग सगळ्या वर्गानं एका सुरात म्हटलं, मूल वाचतं. त्या सुरात तिच्या पोरीचा, स्वप्नाचाही आवाज होता.

"अगं, खाली लागंल ना! ध्यान कुठं हाय तुजं?" कांदे चिरत बसलेली जानकीबाई ओरडली. जानकीबाई तिच्या जोडीची, वयानं मोठी आणि तोंडानं त्याहून मोठी. सत्यभामानं घाईनं पळी फिरवली. तळवा उघडून बघितला तर मिठाचे चार कण घामाला चिकटलेले. त्यावरून काहीच कळत नव्हतं. "मीठ टाकलं का गं मी?" तिनं विचारलं. "पातेल्यापाशी तू उभी, आन् मला काय विचारतीस?" जानकीबाई म्हणाली आणि पुन्हा कांद्याला लागली. सत्यभामानं मिठाचा डबा झाकून ठेवला.

आजच्याच दिवशी हे कानावर पडायला नको होतं. संध्याकाळी घरी आश्रुबा मुकादम येणार होता. हा नवऱ्याच्या गावचा माणूस, दर हंगामाला ऊसतोडीची टोळी बांधायचा. दसरा उलटला की त्याची मोटरसायकल चौसाळ्यापासून पाटोद्यापर्यंत माणसं गोळा करत फिरायची. सत्यभामाचा नवरा नाथा ऊस सोडून शहरात आला त्याला बरीच वर्षं झाली होती. रईसभाईंच्या फळांच्या गोदामात तो क्रेट उचलायचा, बरं चाललं होतं. पण यंदाची सीताफळं संपली की गोदामाला कुलूप लावून पुण्याला पोराकडे जायचं रईसभाईंनी ठरवलं, आणि तेव्हापासून नाथाच्या बोलण्यात आश्रुबा यायला लागला. एक हंगाम जाऊन येऊ, मग बघू. जाऊन येऊ म्हणजे दोघांनी, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. आणि दोघं गेली तर स्वप्ना कुणापाशी राहणार? सासू वारलेली, वस्ती धड नाही, पोरगी वयात आलेली. म्हणजे तीही आलीच. दिवाळीच्या सुट्टीबरोबर तिची सातवी संपणार, आणि एकदा सुटलेली शाळा मुलींना परत घेत नाही, मुलीही परत जात नाहीत, हे सत्यभामाला स्वतःवरून चांगलं माहीत होतं. तरी तिनं अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. ती थकली होती. कामानं नव्हे, कामाला ती कधी भ्यायली नाही. पण एखादी गोष्ट नको म्हणायला, मग का नको ते सांगायला, मग त्यावरचं ऐकून घ्यायला अंगात जे बळ लागतं, ते कुठेतरी झिजून गेलं होतं. ठरेल ते ठरेल, असं म्हणून ती दिवस ढकलत होती.

त्यात काल जेवताना स्वप्नानंच तिला पेचात टाकलं. "जाऊ की मम्मी. तसं बी गणितात माझ्या डोक्यात काय शिरत न्हाई. ती समीकरणं पुढं कुठं लागणारेत? तूच सांग, तू शिकलीस त्यातलं काय तुझ्या कामाला आलं?" पोरीनं चिडून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. नाथानं मान वर केली नाही, पण त्याचं चावणं थांबलं; उत्तर त्यालाही हवं होतं. सत्यभामानं मनातल्या मनात सगळं धुंडाळलं. अगदी प्रामाणिकपणे, तळापर्यंत हात घालून धुंडाळलं, आणि काहीच हाताला लागलं नाही. "भाकर घे आजून," ती म्हणाली. नाथा पुन्हा चावायला लागला, आणि तिथंच पोरीची शाळा सुटल्यात जमा झाली.

आपलं शिक्षण सातवीपर्यंत झालं असं ती सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. फक्त ते दर इयत्तेच्या अर्ध्यापर्यंत झालं होतं. माहेर शिरूर कासारच्या बाजूचं. दसरा झाला की गावात ट्रक लागायचे, भांडी, कोंबड्या, शेळ्या, म्हातारी माणसं, पोरं, सगळं वर चढायचं आणि निम्मं गाव ऊस तोडायला निघून जायचं, ते उन्हाळा लागल्यावरच परत यायचं. तोवर शाळा परीक्षेच्या तोंडाशी. उत्तरेश्वर गुरुजी दयाळू होते, कोऱ्या पेपरावरही पुढच्या वर्गात ढकलायचे. जूनमध्ये नवी पुस्तकं वाटताना ते पोरांना सांगायचे, "म्होरचं मन लावून वाचा रं, मागचं काय तुमच्या नशिबात न्हाई." ते हे हसत सांगायचे आणि पोरंही हसायची. म्हणून तिच्या सगळ्या पुस्तकांची पुढची पानं तेलकट, दुमडलेली, फाटकी असायची, आणि मागची अशी कोरी करकरीत की काही पानं कडेनं एकमेकांना चिकटलेली तशीच राहायची. त्या पानांना नव्या कागदाचा वास यायचा. एकदा एका कारखान्यावर ऊसतोड्यांच्या पोरांसाठी साखरशाळा निघाली होती, तिथं एक तरणा मास्तर त्यांना टाळ्या वाजवून गाणी म्हणायला लावायचा. पुस्तक त्याच्याकडेही नव्हतं.

तिच्या डोक्यात जे जमलं ते असं सगळं पुढच्या बाजूचं. लसावि आणि मसावि तिला अजून काढता येतो, पण शेकडेवारी मागे राहिली. इतिहासातले राजे दर वर्षी गादीवर बसताना तिनं पाहिले होते. त्यांचं पुढे काय झालं ते तिला कळलं नाही, आणि एका अर्थी ते सगळे तिच्यापुरते अजून गादीवरच होते. अक्षांश-रेखांश झाले, त्या रेघांखाली राहणारी माणसं काय खातात, काय नेसतात ते राहिलं. कवितांपैकी पहिल्या काही पाठ, आणि त्या कधी कधी भांडी घासताना ओठांवर यायच्या. विज्ञानात माणसाचं शरीर सुरू व्हायचं, घास तोंडात जायचा, अन्ननलिकेतून खाली उतरायचा, जठरात पोचायचा, आणि तेवढ्यात दारात ट्रकचा हॉर्न वाजायचा. तिचं विज्ञान पोटापाशी येऊन थांबलं होतं. पुढे आयुष्यात तिला कुणी लसावि विचारला नाही. उसाच्या फडात रेखांश लागले नाहीत. बसची पाटी वाचता आली, मोळ्या मोजता आल्या, पण ते दुसरीतच झालं होतं, त्यासाठी सातवीपर्यंत दप्तर ओढायची गरज नव्हती. पुढचं असं कुचकामी निघालं, तर मागचं तरी काय वेगळं असणार, असं तिनं कधीचं धरून टाकलं होतं. त्या न वाचलेल्या पानांबद्दल तिला कधी हळहळ वाटली नाही. उलट बरं झालं, तेवढं ओझं कमी, असंच वाटलं होतं. काल उत्तर सापडलं नाही ते त्यामुळेच. ती चुकीच्या बाजूला शोधत होती.

आबा तिचा आणि नाथाचा पहिला मुलगा. नाव धुळाजी, आजोबांचं. पण सासू रतनबाई आपल्या नवऱ्याचं नाव तोंडानं घेणार कशी, म्हणून नातवालाही घरात सगळे आबाच म्हणायचे, आणि तोही थोरामोठ्यासारखा गंभीर चेहऱ्यानं ओ द्यायचा. सगळी तेव्हा ऊसतोडीला गेलेली, तो मुलूख लांबचा, पाण्याचा, नजर जाईल तिकडे ऊस. उसाच्या वाळल्या पाचटाची कोपी घातलेली, इतकी बुटकी की वाकून आत जावं लागायचं. आबा नुकता त्या कुडाला धरून चालायला लागला होता. त्याला पहाटेपासून जुलाब लागले. रतनबाईनं डझनभर लेकरं वाढवलेली, तिनं लगेच सांगितलं, पाणी बंद करा, वरून पाणी गेलं तर खालून जाणारच. यात चुकल्यासारखं काय होतं? टोळीतल्या सगळ्या बायका हेच करायच्या, त्यांच्या आयांनीही हेच केलं होतं. नाथानं मान डोलावली आणि तो फडात गेला. दिवसभर पोरापाशी राहिली ती सत्यभामा. आबा पाण्याच्या कळशीकडे जायचा. रांगत जायचा, कळशीला हात लावायचा, तिच्याकडे बघायचा. ती त्याला उचलून परत आणायची, छातीशी धरायची, तो पुन्हा निघायचा. शेवटी तिनं कळशी उचलून कोपीच्या मागे ठेवली, म्हणजे दिसणार नाही आणि पोर मागणार नाही. मग तो कळशी होती त्या ओल्या जागेकडे बघत राहिला. दुपारनंतर त्याचं रडणं थांबलं. डोळे आत गेले होते, पण रडणं थांबलं होतं, आणि तिला वाटलं उतार पडला. उतार पडला हो, असं ती शेजारच्या कोपीत रतनबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली होती. एवढ्या वर्षांत तिला आबाचा चेहरा पुसट होत गेला, पण तो स्वतःचा आवाज, त्यातला आनंद, तो पुसला गेला नाही. नाथा फडातून आला, पोराला बघितलं आणि तेव्हाच्या मुकादमाच्या मोटरसायकलवर बसून बाजारपेठेतल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मागे एकाचीच जागा होती, म्हणून ती थांबली. तो परत आला तेव्हा पोर त्याच्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं. "देवानं दिलतं, देवानं नेलं," तो एवढंच म्हणाला, आणि त्यानंतर त्यांच्या घरात आबाचं नाव कुणी काढलं नाही. रतनबाई नवऱ्याचं नाव घेत नव्हतीच, त्यानंतर मरेपर्यंत तिनं नातवाचंही घेतलं नाही.

आणि आता मॅडम म्हणत होत्या, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. कोपीत मीठ होतं. चहापुरती साखर होती. कळशी भरलेली होती. आणि दारासमोर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, कारखान्याच्या धुराड्यापर्यंत नुसती साखरच उभी होती.

जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी शाळेतल्या एका शिक्षकानं खिचडी चाखून बघायची असते. आज पाळी शाईस्ता मॅडमची होती. त्या ओढणी सावरत आल्या, वाटीत घेतलेला घास फुंकून तोंडात टाकला आणि थांबल्या. "ताई, मीठच नाही हो." जानकीबाईनं कपाळावर हात मारला. सत्यभामानं गरम पाणी घेतलं, त्यात मीठ विरघळवायला घेतलं. ढवळताना तिच्या लक्षात आलं की यात आता फक्त साखर घालायची राहिली आहे. पाणी खिचडीवर ओतून तिनं पातेलं खालीवर केलं. मॅडम तिथंच उभ्या होत्या, मोबाईलवर काहीतरी भरत.

"मॅडम," ती म्हणाली, "तो मघाचा धडा. आमच्या टायमाला बी हुता का हो पुस्तकात?"

"कुठला? जुलाबाचा?" मॅडमनी मान वर केली नाही. "होता की. मी पण सातवीतच शिकले. पुस्तकं बदलली, चित्रं बदलली, पण तो राहिलाच. मागेच असतो कायम. दिवाळीनंतर यायचा, पण नळाला गढूळ पाणी यायला लागलं, निम्मा वर्ग पोट धरून घरी बसला, म्हटलं आत्ताच घेऊन टाकावा." मग त्यांना कसलं तरी हसू आलं. "खरं सांगू का ताई, पोरं विचारतात मॅडम हे कशाला शिकायचं, तर मला उत्तर देता येत नाही. मी प्राणिशास्त्रात एमेस्सी केली. बेडकाच्या नसा मला अजून पाठ आहेत. आणि दिवसभर करते काय, तर आज किती पोरं जेवली ते मोबाईलवर भरते. कुठला धडा कुणाच्या कामाला येईल, अल्ला जाणे." त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "का हो? कुणी आजारी आहे का घरी?"

"न्हाई," सत्यभामा म्हणाली. "तसंच इचारलं."

घराकडे जाताना तिला दोनदा रस्ता चुकल्यासारखं झालं. रोजचीच वाट, सायकलचं दुकान, पिठाची गिरणी, म्हशींचा गोठा, पण पाय आपले नसल्यासारखे पडत होते. कालच्या प्रश्नाचं उत्तर आज तिच्या पदरात होतं. असं उत्तर की त्यापुढे ना पोरगी बोलू शकली असती ना नवरा. आणि ते उच्चारायची सोय नव्हती. कसं सांगायचं नाथाला? देवानं नेलं या एका वाक्यावर त्या माणसानं आपला सगळा संसार उभा केला होता. फडातून उठून त्यानं शहर गाठलं, पुन्हा मूल होऊ दिलं, तिचं नाव हौसेनं स्वप्ना ठेवलं, आईला शेवटपर्यंत हातांवर सांभाळलं. ते सगळं त्या एका वाक्याच्या आधारानं. आता त्याला जाऊन सांगायचं की देवानं नाही नेलं, तुमच्या आईनं सांगितलं, तुमी मान डोलावली आणि मी कळशी लपवली? त्याची आई वर गेलेली, तिला जाब विचारता येणार नाही, तिच्यावर रागावताही येणार नाही. असला काटा दुसऱ्याच्या अंगात रुतवायचा आणि त्या बदल्यात पोरीची शाळा वाचवायची, हे तिच्यानं होणार नव्हतं. स्वतःचं काय? स्वतःचं तिला अजून नीट जाणवतही नव्हतं. पाय बधिर झालेला असताना काटा टोचला तर जसं कळतं आणि दुखत नाही, तसं काहीसं. दुखेल पुढे, तिला ठाऊक होतं, निवांत दुखेल. तोवर तिनं एकच ठरवलं. कारण न सांगता नाही म्हणायचं. अडाण्यासारखं, हट्टानं, नुसतं नाही. नवरा चिडेल, मुकादमासमोर इज्जत गेली म्हणेल, बायको माजली म्हणेल. म्हणू दे.

दिवेलागणीला आश्रुबा आला. पायातल्या चपला काढून, हातातली पिशवी कोपऱ्यात ठेवून तो खाटेवर ऐसपैस बसला. वाईट माणूस नव्हता. टोळीतल्या आजारी माणसाला स्वतःच्या गाडीवरून नेणारा, लग्नकार्याला धावून येणारा. नाथानं त्याच्यासमोर गोदामातून आणलेली सीताफळं ठेवली. स्वप्ना दाराशी फोन बघत बसली होती. सत्यभामानं चहा दिला आणि ती शेगडीपाशी उभी राहिली.

"मग वैनी, ठरलं न्हवं?" आश्रुबानं बिया तळहातावर काढत विचारलं. "दिवाळीचा पाडवा झाला की गाडी लावतो. कोपी चांगल्या जागी देतो तुमाला, नळाजवळ."

"ठरल्यातच हाय," नाथा म्हणाला.

"पोरीची शाळा हाय," सत्यभामा म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून बारीक निघाला.

नाथानं चमकून बघितलं. आश्रुबा हसला. "शाळा तर हायच हो. पर आपल्याला का कलेक्टर करायचंय तिला? ह्यो बघा, मी चौथी. मोळ्यांचा हिशेब कधी चुकला न्हाई माझा. काय शिकवतेत आजकाल शाळेत, कुणाला ठावं." मग तो दाराकडे वळला. त्याला गंमत सुचली होती. "काय गं पोरी, आज काय शिकलीस? एक तर कामाची गोष्ट सांग. पुस्तकातली, पर कामाची. सांगितलीस तर मी सोताच म्हणतो, ऱ्हाऊ द्या हिला हितंच."

 "स्वप्ने, दूध बघ गं, उतू जाईल," सत्यभामा घाईघाईनं म्हणाली. "दूध तर तू कवाच उतरवलंस, मम्मी," स्वप्ना म्हणाली आणि फोन बाजूला ठेवून उभी राहिली. तिलाही ईर्ष्या आली होती. शाळेचा तिला कंटाळा होता हे खरं, पण कुणी बाहेरच्यानं शाळेला हसावं हे तिला चाललं नाही. वर्गात म्हणतात तसं हात मागे बांधून, तोच सूर लावून तिनं म्हटलं, "लहान बाळाला जुलाब झाले तर त्याचं पाणी बंद करायचं नसतं. बंद केलं तर बाळ सुकतं आणि दगावतं. उलट जास्त पाजायचं. ग्लासभर उकळून गार केलेलं पाणी, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. घोटघोट पाजत राहायचं. मूल वाचतं."

झालं, असं सत्यभामाला वाटलं. तिनं नाथाकडे बघितलं, कारण आता तो कोसळणार होता आणि त्याला सावरायला हवं होतं. पण नाथा पोरीकडे बघत नव्हता. नवी गोष्ट ऐकणारा माणूस सांगणाऱ्याकडे बघतो. आश्रुबा बघत होता तसा, तोंडातली बी तशीच धरून. नाथा तिच्याकडे, सत्यभामाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, प्रश्न नव्हता. भीती होती. हिनं ऐकलं का, हिला समजलं का, एवढीच भीती. जी भीती ती दुपारपासून त्याच्यासाठी उराशी धरून फिरत होती, ती त्याच्या चेहऱ्यावर तिच्यासाठी होती, आणि ती आजची नव्हती. इतकी सवयीची होती की चेहऱ्यावर यायला तिला क्षणही लागला नाही.

"साखरंचं पाणी?" आश्रुबा मोठ्यानं हसला. "मग साखरंच्याच गावाला चाललोय की आपण!" कुणीच हसलं नाही हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"पुन्यांदा सांग, स्वप्ने," नाथा म्हणाला.

स्वप्ना गोंधळली, पण तिनं पुन्हा सांगितलं, आता सूर न लावता, साध्या बोलण्यात. नाथा मान खाली घालून ऐकत होता. साखर म्हटल्यावर त्यानं मान हलवली, मीठ म्हटल्यावर हलवली. "घोटघोट" ऐकताना त्याचे ओठ हलले. मग तो आश्रुबाला म्हणाला, "पोरगी येत न्हाई, मुकादम. तिची माय बी न्हाई. मला एकट्याला घ्या."

"एकट्याला? आरं, एकटा म्हंजे अर्धा कोयता. अर्ध्याला कोण घेतंय? तुज्या जोडीला कुणाला घालू मी?"

"घाला कुणाला बी. न्हाई जमलं तर ऱ्हाऊ द्या."

"आरं पर मी चेष्टा केली रं," आश्रुबा म्हणाला. त्यानं एकदा नाथाकडे बघितलं, एकदा सत्यभामाकडे, आणि या घरात आपल्याला न कळणारं काहीतरी चाललंय एवढं त्याला कळलं. राहिलेला चहा तसाच ठेवून तो उठला. फोन करतो म्हणाला. स्वप्ना त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत रस्ता दाखवायला गेली, आपण जिंकलो की काय या आनंदात उड्या मारत.

खोलीत दोघंच उरली. बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. सत्यभामा शेगडीपाशीच उभी होती. तिला वाटलं आपण रडू, पण रडू आलं नाही. ती फक्त भिंतीला टेकून खाली बसली. एवढी वर्षं हा माणूस तिच्या शेजारी झोपला, तिच्या हातचं पाणी प्याला.

"कवापासून ठावं हाय तुमाला?" तिनं विचारलं.

"त्याच दिवशी," नाथा म्हणाला. "डॉक्टर बोललता. पाणी पाजत ऱ्हायला असतात तर, म्हणाला."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

नाथा खाटेवरून उठला. आश्रुबाचा उष्टा कप त्यानं उचलला. सबंध संसारात त्यानं कधी कप उचलला नव्हता.

"तुला सांगून काय उपयोग हुता?" तो म्हणाला, आणि कप विसळायला मोरीपाशी जाऊन बसला.